कोकणात २०० गावठी कोंबड्यांची शेड: जागा किती, हवा कशी?

जांभाचिरा

नमस्कार मंडळी,

संगमेश्वर तालुक्यात अंड्यांसाठी २०० गावठी कोंबड्या ठेवायच्या आहेत. हिवाळा-उन्हाळा दिवसभर आवारात मोकळ्या, रात्री शेडमध्ये. पावसाळ्यात मात्र उघडीप कमीच मिळते, त्यामुळे जून ते सप्टेंबर त्या जवळपास पूर्ण वेळ आतच राहतील.

गवंड्याचा आराखडा असा: लांबी २० फूट (उत्तर-दक्षिण), रुंदी १२ फूट. पाऊस पश्चिमेकडून येतो म्हणून पश्चिमेची भिंत चिऱ्याची, थेट पत्र्यापर्यंत बंद. पूर्वेला १ फूट भिंत आणि वर कोंबडी जाळी. उत्तर आणि दक्षिण बाजूही चिऱ्याच्याच, प्रत्येकी एक खिडकी. एकपाखी पत्रा, पूर्वेला ७ फूट, पश्चिमेला ६ फूट उंच. वळचण १ फूट. खाली कोबा. पाऊस जोराचा असेल तेव्हा जाळीवर वरून ताडपत्री सोडायची.

जागा म्हणजे डोंगर कापून केलेला पट्टा आहे. रुंदी २४ फूट, लांबी (उत्तर-दक्षिण) ७० फूट. पूर्वेला कापलेली दरड साधारण ८ फूट उंच, पश्चिमेला उतार. शेड दरडीपासून ३ फुटांवर येईल.

२४० चौरस फूट पुरे होतील का? कोणी पक्ष्याला १ चौरस फूट सांगतो, कोणी ३. दुसरं म्हणजे झड अडवायला गेलं की हवा बंद, आणि हवा ठेवली की कोब्यावर अंथरलेलं तूस भिजणार. यातून मार्ग काय? आणि एक एक्झॉस्ट फॅन लावला तर भागेल का?

पाखाडी

काम सुरू व्हायच्या आधी विचारलंत हे बरं झालं, कारण हा आराखडा बदलावा लागेल. जागा कमी आहे हा दोष दुसरा. पहिला दोष असा की वारा येतो ती बाजू बंद आणि उघडी बाजू दरडीकडे. ८ फुटी दरडीसमोर ३ फुटांवर जाळी लावली तर त्या बोळात हवा हलतच नाही. पावसात तीही ताडपत्रीने झाकणार. मग आतली वाफ जाणार कुठून?

आधी चौरस फुटांचा आकडा कुठून येतो ते बघा. वाढलेली कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम शीट टाकते, त्यातला पाऊण हिस्सा पाणी. २०० पक्ष्यांची २० किलो शीट, म्हणजे रोज १५ लिटर पाणी तुसात मुरणार. श्वासावाटे निघणारी वाफ वेगळी. कोंबडीला घाम येत नाही, अंगातली बरीच उष्णता ती श्वासातून बाहेर टाकते. हे १५ लिटर २४० चौरस फुटांत वाटले तर दर चौरस फुटाला रोज ६० मिलीच्या वर येतं. ४५० चौरस फुटांत ३३ मिली. फेब्रुवारीत तूस दोन्ही आकडे वाळवून टाकेल. जुलैत बाहेरचीच हवा ओलीचिंब असते, तेव्हा ६० मिलीचा रोज थोडा थोडा साठा होत जातो आणि दुसऱ्या आठवड्यात तुसावर पापुद्रा धरतो. एकदा पापुद्रा धरला की खालचं तूस असून नसल्यासारखं.

१ चौरस फूट हा ब्रॉयलरचा आकडा आहे. तो पक्षी दोन किलोचा झाला की सहा आठवड्यांत शेडबाहेर जातो. तुसाच्या गादीवर अंड्यांसाठी वर्षभर राहणाऱ्या पक्ष्याला २ ते अडीच चौरस फूट लागतात. भारी अंगाच्या जाती, उदाहरणार्थ गिरिराज, असतील तर तीनाच्या जवळ जा. तुमच्या २०० गावठींना ४५० चौरस फूट धरा.

आता हवा. तिला आत यायला वाट हवी आणि वरून बाहेर जायला वेगळी वाट हवी. पक्ष्यांच्या अंगाची ऊब घेऊन ओली हवा वर चढते. तुमच्या एकपाखी छपरात ती पूर्वेच्या उंच कडेला जाऊन पोहोचेल आणि तिथे ताडपत्री. रात्री पत्रा गार झाला की हीच वाफ त्याला खालून लागते आणि पहाटे थेंब तुसावर पडतात. लोक पत्रा गळतो असं समजून स्क्रूंना डांबर फासत बसतात.

शेडची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली तर दोन कामं होतात. सूर्य दोन्ही अरुंद बंद भिंतींवर येतो, आत ऊन शिरत नाही. आणि कोकणात पश्चिमेची झडही अरुंद भिंतीवर अडते. जाळी उत्तर आणि दक्षिणेला. रुंदी २५ फुटांच्या आत ठेवा, त्यापुढे मधली हवा वाऱ्याने हलत नाही. तुमचा प्रश्न रुंदीचा नाही, दिशेचा आहे.

एक्झॉस्ट फॅनचं: तो बंद खोलीत काम करतो. बाजूंना जाळी असलेल्या शेडमध्ये तो स्वतःच्या शेजारच्या जाळीतूनच हवा ओढतो आणि तीच बाहेर फेकतो. मधल्या पक्ष्यांपर्यंत काहीच पोहोचत नाही.

गावठी_अंडी

एवढं काही लागत नाही हो. कोंबड्या रात्री फक्त झोपायला आत येतात, दांडीवर अंगाला अंग लावून बसतात. १ चौरस फुटात गावोगावी चाललंय. खुराड्यात तर त्याहून कमी.

पशुवैद्य_सातारा

वरच्या प्रतिसादातले रात्रीच्या निवाऱ्याचे म्हणणे एका अटीवर ठीक आहे: पक्षी वर्षाचे बाराही महिने दिवसा बाहेर असले पाहिजेत. तेव्हा १ ते दीड चौरस फुटात भागते. घरच्या खुराड्यात दहा-बारा कोंबड्या असतात आणि रोज सकाळी ते झाडले जाते. इथे २०० पक्षी चार महिने कोंडलेले राहणार आहेत. शेड सर्वांत वाईट महिन्यांसाठी मोजावी लागते.

दाटीत नेमके काय बिघडते ते सांगतो. शीट ओली राहिली की तिच्यातून अमोनिया सुटतो. हवेत तो २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर जाता कामा नये. श्वासनलिकेच्या आतल्या बारीक केसांनी धूळ आणि जंतू बाहेर ढकलले जातात, अमोनिया ते केसच निकामी करतो. मग सीआरडी (कोंबड्यांचा चिवट श्वसनरोग) ठाण मांडते: शिंका, घरघर, डोळ्यांत फेस, अंडी घटतात. औषधाने आठवडाभर बरे वाटते आणि पुन्हा तेच, कारण हवा तशीच असते. ५० पीपीएमच्या आसपास डोळ्यांचा दाह होतो. पक्षी डोळे मिटून कोपऱ्यात उभे राहतात.

दुसरा धोका कॉक्सिडिओसिसचा, म्हणजे रक्ती हगवण. शिटेतून पडलेली त्याची बीजे लगेच बाधत नाहीत. त्यांना ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती बाधण्याजोगी होतात. कोकणातला जुलै त्यांना हवे ते सगळे देतो. तूस कोरडे असेल तर बहुतेक बीजे तिथेच थांबतात. तिसरे म्हणजे पिसे उपटणे. त्याला कारणे अनेक आहेत, पण दाटीत कळपातल्या दबलेल्या कोंबडीला पळून जायला जागा नसते आणि एकदा रक्त दिसले की सगळ्या तुटून पडतात.

अमोनिया मोजायला यंत्र लागत नाही. पहाटे पडदे उघडण्यापूर्वी आत जाऊन पक्ष्याच्या उंचीवर उकिडवे बसा. उभ्याने वास येत नाही तेव्हाही खाली तो असतो. नाकाला वास जाणवला तर तूस परतायची वेळ झाली. डोळे चुरचुरले तर मर्यादा ओलांडलेली आहे. रोज आत जाणाऱ्या माणसाचे नाक मरते, म्हणून ही परीक्षा अधूनमधून घरातल्या दुसऱ्या कोणाला करायला लावा.

तुसाची परीक्षा मुठीने. मूठभर तूस घट्ट दाबून सोडा. किंचित गोळा धरून लगेच मोकळे झाले तर ओल २०-२५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बरोबर. ढेकूळ तसेच राहिले तर जास्त. अजिबात न धरता धूळ उडाली तर फार कोरडे, तेही छातीला वाईट.

आणखी एक गोष्ट, कारण ती सर्रास केली जाते: ओल्या तुसावर पक्षी आत असताना चुना मारू नका. चुन्याने अमोनिया दबत नाही, उलट एकदम मोकळा होतो. चुना रिकाम्या शेडमध्ये, धुतलेल्या कोब्यावर, तूस पसरण्याआधी.

जांभाचिरा

सगळ्यांचे आभार. ४५० चौरस फूट मान्य. पण पट्टाच उत्तर-दक्षिण आहे, रुंदी २४ फूट. १५ फूट रुंद आणि ३० फूट लांब शेड पूर्व-पश्चिम बसतच नाही. उत्तर-दक्षिण बांधली तर ३० फुटांची बाजू थेट पश्चिमेला येते, म्हणजे पाऊसही तिथेच आणि दुपारचं ऊनही. अशा वेळी काय करतात? आणि वळचण, पडदे यांची नेमकी मापं मिळाली तर गवंड्याला दाखवता येतील.

पाखाडी

३० फुटांचा हट्ट सोडा. १५ बाय १५ च्या दोन चौरस शेड बांधा, मध्ये २० ते २५ फूट मोकळे. चौरसाला लांब बाजू नसते, त्यामुळे आढं पूर्व-पश्चिम ठेवता येतं आणि पश्चिमेला फक्त १५ फुटांची बंद भिंत लागते. ७० फुटांत दोन्ही आरामात बसतात. शिवाय तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणि जुन्या कोंबड्या वेगळ्या ठेवता येतील, एक शेड रिकामी करून धुता येईल. खर्च चिऱ्यांचा थोडा वाढतो, पत्र्याचा थोडा.

२४ फुटांत शेड बसवताना दरडीकडे ६ फूट आणि उताराकडे ३ फूट सोडा. दरडीच्या पायथ्याशी चर हवाच, नाहीतर डोंगराचं पाणी जोत्याखाली शिरेल. पट्ट्याची पश्चिमेकडची बाजू भरावाची असणार. तिथला पाया भराव ओलांडून कातळापर्यंत न्या. भराव पहिल्या दोन पावसांत बसतो आणि नेमकी तुमची बंद भिंत फुटते.

जोतं दीड फूट. जांभा पाणी पितो हे तुम्हाला सांगायला नको, म्हणून कोब्याखाली जाड प्लास्टिक कागद अंथरा. तो नसला तर वरून एक थेंब न पडताही तूस खालून ओलं होतं, आणि दोष मग छपराला दिला जातो.

मापं एका शेडची, सगळी कोब्यापासून वर मोजलेली. पश्चिम भिंत चिऱ्याची, पत्र्यापर्यंत. पूर्वेला ३ फूट भिंत, वर जाळी, दार तिथेच. उत्तर-दक्षिणेला दीड फूट भिंत आणि वर ८ फुटांपर्यंत जाळी.

छप्पर दोनपाखी, पण दोन्ही पाखी आढ्यावर जुळवायची नाहीत. दक्षिणेचं पाखं आढ्याच्या रेषेवर ११ फुटांवर, उत्तरेचं १० फुटांवर. दक्षिणेचं पाखं तिथे न थांबता २ फूट पुढे उत्तरेच्या डोक्यावर जाऊ द्या. मधल्या फटीचं तोंड उत्तरेला राहतं, नैऋत्येचा पाऊस डोक्यावरून जातो, वाफ मात्र बाहेर पडते. परतीचा पाऊस उलट दिशेने येतो, त्यासाठी पुढे आलेल्या कडेला १ फुटाची पत्र्याची पट्टी खाली सोडा. फटीला जाळी लावा, नाहीतर वटवाघळं आणि साप. नेहमीचा आढ्यावरचा टोपीवजा पत्राही चालतो, पण कोकणातल्या वाऱ्यात तो दोन्हीकडून पाणी घेतो.

वळचण दक्षिणेला ४ फूट, उत्तरेला ३. १ फूट ठेवणं म्हणजे पत्र्याचे पैसे वाचवून तुसात घालवणं. हिशोब असा: ४ फूट बाहेर गेल्यावर दक्षिणेच्या पाख्याची कड साधारण ६.४ फुटांवर येते. पाऊस ४५ अंशांत तिरका आला तरी तो जाळीला अडीच फुटांच्या खाली लागतो. तुमचा पडदा ४ फुटांपर्यंत असेल तर त्याहून आडव्या झडीलाही पुरतो आणि वरचं सगळं तोंड उघडं राहतं. झड विरुद्ध हवा हे भांडण इथे मिटतं.

पण ४ फुटांची वळचण वारा उचलतो. प्रत्येक खांबापासून वळचणीच्या कडेला तिरके टेकू द्या. २०२० च्या निसर्ग वादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत छपरं उडाली ती बघितलीत तर कडेचे पत्रे आधी सुटतात हे लक्षात येईल. कडेच्या दोन ओळींना स्क्रू दुप्पट. रंगीत पत्रा हव्या त्या लांबीचा कापून मिळतो. दक्षिणेला साडेचौदा फूट, उत्तरेला ११ फूट लागेल. मध्ये जोड नको.

पडदा खालून पक्का आणि वरून उघडणारा. हे उलटं केलेलं जिथे तिथे दिसतं: ताडपत्री वर बांधलेली, खालून गुंडाळायची. मग थोडी हवा द्यायला गेलं की गार झोत थेट बसलेल्या पक्ष्यांच्या अंगावर, आणि वरची वाफ कोंडलेलीच. पडद्याची खालची कड दीड फुटाच्या भिंतीवर पट्टीने ठोका, वरच्या कडेत पाइप घाला, दोऱ्या कप्पीवरून घ्या. रोजची उंची ४ फूट. वादळात ६ फुटांपर्यंत चढवा. वरचे २ फूट कधीही, कोणत्याही रात्री बंद करायचे नाहीत.

दांड्या उत्तरेच्या बाजूला, भिंतीपासून १ फूट सोडून. १४ फुटांच्या चार रांगा, रांगांत सव्वा फूट अंतर. १०० पक्ष्यांना प्रत्येकी पावणेसात इंच येतात, गावठीला पुरे. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर, २ फुटांवर. उतरंडीसारख्या लावल्या तर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी मारामारी. बांबू दीड-दोन इंच जाडीचा, मध्ये एक आधार.

दांड्यांखाली, कोब्यापासून दीड फुटावर जाळीची चौकट टाका, समोरूनही जाळी लावा. रात्रभराची शीट, म्हणजे दिवसाची निम्मी तरी, त्या जाळीखाली पडते आणि तुसात येतच नाही. आठवड्याला बाहेरून खोऱ्याने ओढून घ्या. पावसाळ्यात तूस कोरडं ठेवायला याच्याइतका उपयोगी दुसरा खर्च नाही. कोंबड्या चौकटीवर चालतात, त्यामुळे ती जागा हिशोबात धरायला हरकत नाही.

अंड्यांचे खोके पश्चिमेच्या बंद भिंतीला. पाच कोंबड्यांमागे एक, १२ बाय १२ इंच, दोन मजली. जाळीसमोर लावू नका, पाच फूट उंचीची रांग हवा पडद्याइतकीच अडवते.

तूस ३ इंच. दोन्ही शेड मिळून ४५० चौरस फुटांना तीनशे ते साडेतीनशे किलो. मे महिन्यातच भरा आणि त्याच्या निम्मं आणखी कोरड्या जागी साठवून ठेवा. जुलैत मिळणारं तूस गिरणीबाहेर भिजलेलं असतं.

तापीकाठ

मापं कोकणासाठी चोख आहेत. पण धागा वाचून कोणी जळगाव-भुसावळकडे अशीच शेड बांधेल म्हणून लिहितो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, हवा कोरडी ठणठणीत. इथे बाजूची भिंत १ फुटाच्या वर नको आणि पडदा फक्त हिवाळ्याच्या रात्री. आमच्याकडे हवा कोंडते ती डिसेंबर-जानेवारीत. थंडी लागेल म्हणून रात्री चहूकडून प्लास्टिक आवळतात आणि सकाळी आत शिरवत नाही. ब्रॉयलरमध्ये त्यातूनच पोटात पाणी होऊन पक्षी मरतात, प्राणवायू कमी पडतो म्हणून.

पत्र्याच्या उष्णतेवर स्वस्त उपाय: २० किलो भुकटी चुना, २० लिटर पाणी, अर्धा लिटर फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद. पत्रा धुऊन दोन हात मारायचे. पांढऱ्या रंगाने ऊन परततं. कोकणात पहिल्या पावसात धुऊन जाईल, म्हणून दर फेब्रुवारीत. उसाचं पाचट छपरावर टाकतात, ४ ते ६ इंचांचा थर चांगला काम करतो, पण पाचट म्हणजे पेटायला एक ठिणगी पुरे. वायरिंग पत्र्याला चिकटून असेल तर टाकू नका.

फॉगरबद्दल (पाण्याचा बारीक फवारा मारणारं यंत्र) कोकणातल्या मंडळींनी सावध राहा. फवारा हवेत सुकतो तेव्हा हवा गार होते. जळगावात एप्रिलच्या दुपारी तो लगेच सुकतो. रत्नागिरीत हवाच ओली, तिथे फवारा नुसता तुसावर बसतो आणि पक्ष्याला धापेतून जी वाफ सोडायची ती सुटत नाही. तुमच्याकडे उकाड्यावर उपाय वाहती हवा. मे आणि ऑक्टोबरच्या निवांत रात्रींसाठी एक्झॉस्टच्या पैशात एक साधा पेडेस्टल पंखा घ्या, पक्ष्यांच्या उंचीवर दक्षिणेकडून उत्तरेकडे फिरवा. हवा अंगावरून गेली पाहिजे, डोक्यावरून नाही.

पाणी: गार दिवसांत २०० पक्ष्यांना ४० ते ५० लिटर, उन्हाळ्यात दुप्पट. ड्रिंकरभोवतीचं तूस सगळ्यात आधी सडतं. ड्रिंकर जाळीच्या फुटभर उंच पाटावर ठेवा, खाली तूस नको, सांडलेलं पाणी भिंतीतल्या भोकातून बाहेर गेलं पाहिजे. दाणा उन्हाळ्यात सकाळी ११ ते दुपारी ४ उचलून ठेवायचा. पचनाची उष्णता दुपारच्या उन्हात भर घालते.

जांभाचिरा

पाखाडी, दोन चौरसांची कल्पना पटली, गवंड्यालाही दाखवली. दोन शंका राहिल्या. पक्षी एक दिवसाची पिल्लं म्हणून आणणार आहे, तेव्हा याच शेडमध्ये एवढी उघडी बाजू ठेवून ऊब कशी राखायची? आणि कोंबडी जाळी पुरेल की वेल्डेड जाळी घ्यावी? मुंगूस आणि उदमांजर दोन्ही आहेत.

पशुवैद्य_सातारा

संपूर्ण शेड उबवायची नाही. एका कोपऱ्यात पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कुंपण करा, दीड फूट उंच. पहिल्या चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला अर्धा चौरस फूट या हिशोबाने कुंपण वाढवत न्या. २०० पिल्लांना शेवटी १०० चौरस फूट. गोल अशासाठी की कोपऱ्यात गर्दी करून पिल्ले एकमेकांखाली गुदमरतात. बल्ब पिल्लामागे साधारण २ वॅट. तापमापकापेक्षा पिल्लांची बैठक पाहा: बल्बखाली गोळा झाली तर थंडी, कडेला चोच उघडून पसरली तर ऊब जास्त, सगळी एकाच बाजूला दाटली तर दुसरीकडून झोत येतो आहे.

त्या बाजूचा पडदा पहिल्या आठवड्यात ६ फुटांपर्यंत चढवा. वरचे २ फूट तरीही उघडे. वीज जाते म्हणून कोळशाची शेगडी लावणार असाल तर याला अपवाद नाही. प्लास्टिकने सगळीकडून बंद केलेल्या जागेत शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. सकाळी पिल्ले मेलेली आढळतात आणि लोक थंडीने गेली समजून दुसऱ्या रात्री आणखी कापड लावतात. शेगडी बाहेर पेटवून, धूर पूर्ण गेल्यावर आत आणा आणि कुंपणाच्या बाहेर ठेवा.

पावसाळ्यात रोज सकाळी तूस परता, पण पडदे उघडल्यावर. पापुद्रा धरलेला भाग परतू नका, उचलून बाहेर टाका आणि तिथे साठवलेले कोरडे तूस घाला. ओला पापुद्रा फोडून मिसळला की त्यातला अमोनिया एकदम वर येतो.

पिल्ले मागवायची वेळ मात्र जरा बदला. दिवाळीनंतर बांधकाम, मग जानेवारी-फेब्रुवारीत पिल्ले. जूनपर्यंत ती चार-पाच महिन्यांची होतात, पहिला पावसाळा अंगात ताकद असताना येतो. मे महिन्यात आणलेली पिल्ले ऐन झडीत कॉक्सिडिओसिसच्या वयात सापडतात.

पाखाडी

कोंबडी जाळी कोंबड्या आत ठेवते, कुत्रं-उदमांजर बाहेर ठेवत नाही. षटकोनी विणीची तार एका जागी तुटली की पुढे उसवत जाते. खालचे ३ फूट अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, मुंगसाला आणि बहुतेक सापांना तीच अडवते. त्यावर १ इंचाची वेल्डेड. सगळीकडे अर्धा इंच लावू नका: पिसं, धूळ आणि कोळिष्टकं बसून बारीक जाळी दोन महिन्यांत निम्मी बुजते आणि तुम्ही मोजलेली हवा उरत नाही. लावलेली जाळी महिन्यातून एकदा खराट्याने झाडायचीच, पावसाळ्याआधी नक्की.

दरडीकडच्या बाजूला फांद्या छपरावर आलेल्या असतील तर तोडा, उदमांजर तिथूनच आढ्याच्या फटीपाशी येतं. त्या फटीलाही १ इंचाची वेल्डेड जाळी चालेल, तिथे हवा अडायला नको.

जाळी खांबांच्या बाहेरून ठोका. बाहेरून धक्का बसला तर ती खांबावर दाबली जाते, आतून ठोकली असेल तर खिळ्यांतून निघून येते. पडदा मग जाळीच्याही बाहेर येईल, म्हणून पडद्याच्या कप्प्या खांबापासून तीन-चार इंच पुढे बसवा. पडदा जाळीला घासत राहिला तर एका पावसात फाटतो.